खुणेचा मासा

गेल्या जानेवारीपासून मी गावातल्या किराणा दुकानात मासळीच्या काउंटरसमोरून जात नाही. ब्रेड आणायचा असला तरी डबाबंद वाटाण्यांच्या रांगेतून वळसा घालतो. काउंटरमागची बाई तशी सज्जन आहे, तिने मला कधी वावगं बोललेलं नाही. फक्त मी दिसलो की ती बर्फावरचा एखादा मासा उचलते, त्याची पाठ माझ्याकडे वळवते आणि विचारते, "हा चालेल ना साहेब, की परत पाठवू?" त्या वेळी दुकानात जेवढी माणसं असतील तेवढी हसतात. हसण्याजोगंच आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो, आणि मी त्यांच्या जागी असतो तर किती बरं झालं असतं.

मी लायल प्रुइट. काउंटीच्या बांधकाम परवाना कचेरीत एकोणीस वर्षं आहे. कुणाला ओसरी वाढवायची असो की कोंबड्यांचं खुराडं बांधायचं असो, अर्ज माझ्या टेबलावरून जातो आणि बऱ्याचदा माझ्या टेबलावरून परत जातो. एकही रकाना रिकामा असलेला अर्ज मी पुढे सरकवलेला नाही. समोरच्या घरातले ड्वेन हॅल्वर्सन यांना परसात लाकडं ठेवायची खोपी बांधायची होती. दाराची रुंदी लिहायची राहिली म्हणून मी त्यांचा अर्ज तीनदा परत केला. खोपीला दारच नाही, असं त्यांचं म्हणणं. मग रकान्यात 'दार नाही' असं लिहा, असं माझं म्हणणं. या तत्त्वनिष्ठेचा मला अभिमान होता. होता, असं मुद्दाम म्हणतोय.

आता सासरेबुवांकडे वळतो, कारण या सगळ्याच्या मुळाशी ते आहेत. म्हणजे मुळाशी मीच आहे, पण त्यांच्यापासून सुरुवात केली की मला जरा धीर येतो. आर्वो केट्टुनेन, वय पंचाहत्तर. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्याकडेच असतात. ऑल्डर नदीच्या वरच्या अंगाला माशांची पिल्लं वाढवून नदीत सोडायचं सरकारी केंद्र आहे, तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. मी डोंगरापलीकडच्या कोरड्या भागातला, सफरचंदांच्या मुलखातला. बावीस वर्षांपूर्वी त्यांची मुलगी कायसा हिच्याशी लग्न करून या ओल्या बाजूला आलो, तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर त्यांच्या तोंडून दोनच विषय ऐकतोय, पाऊस आणि खुणा. आज पाच हजार बोटुकल्यांना, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, खुणा केल्या. आज नवीन बाई आली, तिच्या खुणा कच्च्या. अमक्या वर्षीच्या खुणेचे मासे समुद्रातून परत आले.

मी मान हलवायचो आणि बटाट्यावर लोणी लावायचो. खूण म्हणजे नेमकं काय करता, हे बावीस वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही. शिक्का मारत असतील, अशी माझी समजूत होती. कचेरीतल्या माणसाला खूण म्हटलं की शिक्काच दिसतो.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी आर्वो जेवता जेवता थांबले. ऑपरेशनपासून त्यांचं जेवण असंही चिमणीएवढं झालं होतं. ते म्हणाले की निवृत्तीच्या आधी शेवटच्या ज्या बोटुकल्यांना त्यांनी खुणा केल्या, त्यांतले काही स्टीलहेड जातीचे मासे मागल्या हिवाळ्यात समुद्रातून नदीत परत आले होते, पण तेव्हा ते स्वतः इस्पितळात होते. उरलेले या हिवाळ्यात येतील. मग संपले. त्यांच्यानंतर केंद्रात यंत्र आलं.

"एक खायला मिळाला असता तर बरं होतं," ते म्हणाले. "एकतीस वर्षं लोकांच्या ताटांसाठी केलं. आपल्या हातचा शेवटचा एक आपल्या ताटात यावा, एवढंच. ड्वेनला सांगून बघतो."

ड्वेनला. घरात धडधाकट जावई बसलेला असताना समोरच्या घरातल्या ड्वेनला. माझ्या हातातली सुरी तिथेच थांबली. मी म्हणालो, "ड्वेनला कशाला? मी आणतो."

कायसाने माझ्याकडे पाहिलं. ती बालवाडी चालवते. एखादं पोर झाडाच्या शेंड्यावरून 'मी उतरतो' म्हणालं की ती तशी बघते. आर्वोंनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाले, "खुणेचा आण हं, साहेब. बिनखुणेचा नको." मी म्हणालो, त्यात काय सांगायचं.

पहिली अडचण परवान्याची. हार्डवेअरच्या दुकानात मासेमारीचे परवाने मिळतात. तिथल्या मुलीने माझा अर्ज वाचला, उलटा केला आणि माझ्याकडे सरकवला. वजनाचा रकाना रिकामा होता. मी म्हणालो की मासे धरायला माझं वजन कशाला हवं. ती म्हणाली, "ते मला माहीत नाही, पण रकाना आहे." माझ्यामागे रांगेत सहा माणसं होती आणि त्यांतल्या निदान चौघांचे अर्ज मी कधी ना कधी परत केलेले होते. मी वजन लिहिलं. तिने ते मोठ्याने वाचून खात्री करून घेतली. परवान्याबरोबर एक कार्ड मिळालं, धरलेल्या प्रत्येक माशाची त्यात शाईने नोंद करायची. आणि एक नियमपुस्तिका मिळाली, आमच्या कचेरीच्या नियमांहून जाड. ती बघून मला घरच्यासारखं वाटलं.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. मी मासेमारी सुरू करतोय ही बातमी कायसाने फक्त शेजारच्या मार्लिसबाईंना सांगितली, त्यामुळे ती रविवारपर्यंत चर्चमध्ये पोचली होती. मार्लिसबाईंचं म्हणणं, नदीवर जाताना केळं न्यायचं नाही, केळ्याने मासे रुसतात. पास्टरांचं म्हणणं, गळ टाकताना मनात राग नको. आणि ड्वेन. माझा असा अंदाज होता की खोपीच्या प्रकरणानंतर ड्वेन माझं तोंडही बघणार नाहीत. उलट ते त्याच संध्याकाळी एक बरणी घेऊन आले. तीत सामन माशाची गाबोळी, म्हणजे अंडी होती, टाकणखार, साखर आणि लाल रंगात मुरवलेली. आमिष म्हणून गळाला याहून चांगलं काही नाही, असं ते म्हणाले. माझ्या खोपीचं काय, असं त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. याचा मला फार त्रास झाला.

बरणी मी गाडीत सीटवर ठेवली, पुस्तिकेच्या शेजारी. पहिल्याच वळणावर ती आडवी झाली. पुस्तिकेची चौदा ते सतरा ही पानं गाबोळीच्या रसाने अशी काही चिकटली की शेवटी मी सुरीने सोडवायला गेलो तर चौदावं आणि सतरावं तेवढं हाती आलं. मधल्या दोन पानांवर चित्रं असावीत, कडेला माशाची शेपटी दिसत होती. चौदाव्या पानाच्या तळाशी वाक्य होतं, 'स्टीलहेड फक्त खुणेचाच ठेवता येईल. खूण कशी ओळखावी यासाठी पुढील पान पाहा.' दुसरी पुस्तिका फुकट मिळत होती. पण ती मागायची म्हणजे त्या मुलीसमोर पुन्हा उभं राहायचं, आणि तिला माझं वजन पाठ होतं.

म्हणून मी ड्वेनना आडून विचारलं, सहज बोलता बोलता विचारावं तसं. खूण पाठीवरच असते ना हो? ते म्हणाले, "पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे. बोट फिरवलं की लगेच कळतं." मी 'हो हो, तेच' म्हणालो. त्या दिवशी ते आणखी एक वाक्य बोलले असते, किंवा मी एक प्रश्न जास्त विचारला असता, तर हे लिहायची वेळ आली नसती. पण तो प्रश्न विचारणं मला कमीपणाचं वाटलं.

स्टीलहेडला अजून वेळ होता, तोवर सामनवर हात बसवावा म्हणून मी नदीवर गेलो. छातीपर्यंतची रबरी विजार घालून काठाने पंधरा माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. सगळ्यांच्या दोऱ्या एका तालात पाण्यात पडत आणि एका तालात बाहेर येत. मी मधेच शिरलो. थोड्या वेळाने कडेचा एक जण ओरडला, "लागला." इथली रीत अशी, की एकाला मासा लागला की बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या मुकाट्याने आत ओढून घ्यायच्या. मला वाटलं, मासे आले, घाई करा. मी होता नव्हता तेवढा जोर लावून गळ टाकला. सात दोऱ्यांची गुंतवळ झाली आणि मासा समुद्राच्या दिशेने निघून गेला. मला कुणी शिवी दिली नाही. एका दाढीवाल्या म्हाताऱ्याने माझी दोरी दाताने तोडली, तिचं टोक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "घरी जा, बाबा." घरी येऊन विजारीचे खिसे उलटे केले तर एकात केळं निघालं. मार्लिसबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

यानंतर माणसं असतील तिथे जायचं नाही असं ठरवून मी वरच्या बाजूचं एक आडवळण शोधलं. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मी तिथे बसून पडलो, उभ्याने पडलो, आणि एकदा पडलो नसताना वाहून गेलो. दर शनिवारी रिकाम्या हाताने घरी यायचो आणि आर्वो खिडकीशी बसलेले असायचे. ते काही विचारत नसत. माझी विजार किती ओली आहे ते बघत आणि कायसाला म्हणत, "साहेबांना कॉफी दे." नववर्ष उलटलं तेव्हा त्यांनी एकदाच, माझ्याकडे न बघता, सांगितलं की खुणेचे मासे जानेवारीच्या मध्यापर्यंत असतात. नंतर येतात ते सगळे रानचे, केंद्रात न वाढलेले.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, माझ्या दोरीवरचं बूच पाण्याखाली गेलं.

पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मी काहीतरी प्रार्थना म्हणत होतो, बहुधा जेवणाआधीची. शेवटी तो उथळ पाण्यात आला. हातभर लांब, चांदीसारखा, बाजूंवर गुलाबी झाक. मी गुडघ्यांवर बसून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. पाठीवरचा मोठा पर, पोहायचा पंखा, लागून गेला, पुढे शेपटीपर्यंत काहीच नाही. सपाट. मी पुन्हा फिरवलं. जिथे खूण असायची तिथे गुळगुळीत कातडी होती, जुनी जखम भरून आल्यासारखी. बिचाऱ्याचा लचका समुद्रात कुण्या सील प्राण्याने तोडला असावा असं मला वाटलं. तीन महिने ज्याच्यासाठी पाण्यात घालवले, तो पहिलाच आला आणि तोही अधुरा. सासऱ्यांच्या ताटात मी असला मासा वाढणार होतो का? आणि नियम तर स्वच्छ होता, खुणेचाच ठेवायचा.

मी गळ अलगद काढला आणि वाहत्या पाण्यात त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवत राहिलो. 'जा बाबा, सांभाळून राहा,' असंही म्हणालो. त्याने शेपटी मारली आणि गेला. आपण नियमाने वागलो आणि दयेनेही वागलो, असं समाधान मला आयुष्यात फार वेळा मिळालेलं नाही. त्या वेळी मिळालं.

तासाभराने दुसरा लागला. हा थोडा लहान होता, पण त्याच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, नखाएवढा मांसल पर होता, त्यावर काळे ठिपके. बोट फिरवलं की लगेच कळत होतं. इतकी सुबक खूण मी माझ्या कचेरीत कधी पाहिली नव्हती. तिथल्या तिथे कार्ड काढलं आणि शाईने रकाने भरले. नदी, तारीख, जात. 'खुणेचा' या रकान्यात बरोबरची खूण. एकही रकाना रिकामा ठेवला नाही. मग कायसाला फोन करून सांगितलं की ड्वेन आणि मार्लिसबाईंनाही जेवायला बोलाव.

घरी बटाटे उकडलेले होते, त्यांवर शेपू घातलेला, राय धान्याचा काळा ब्रेड कापून ठेवला होता. आर्वोंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुब्याच्या ऑपरेशनपासून मी त्यांना त्या शर्टात पाहिलं नव्हतं. लाकडी फळीवर ठेवलेला मासा मी त्यांच्यासमोर आणला आणि बाजूला उभा राहिलो. हात मागे बांधून उभा होतो, हे आठवलं की आजही माझे कान तापतात.

आर्वोंनी चष्मा काढून ठेवला. जवळचं त्यांना नीट दिसत नाही, पण माशाला त्यांना डोळे लागत नाहीत. त्यांचा अंगठा माशाच्या डोक्यामागून निघाला, मोठ्या परावरून गेला, आणि शेपटीच्या जरा अलीकडे थांबला. तिथेच राहिला.

"हा रानचा आहे," ते म्हणाले.

मी हसून म्हणालो की नाही, खुणेचाच आहे, आणि त्या छोट्या परावर बोट ठेवून दाखवलं, ही बघा खूण.

ड्वेननी हातातला पेला खाली ठेवला. मार्लिसबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. कायसा अगदी हळू, बालवाडीतल्या आवाजात म्हणाली, "लायल, तो पर नसणं म्हणजे खूण. बाबा तो कापायचे. एकतीस वर्षं बाबा तेच करायचे."

मग जे सगळ्या गावाला पोरवयापासून ठाऊक असतं ते मला बावन्नाव्या वर्षी सांगण्यात आलं. केंद्रातल्या बोटुकल्यांचा तो पर उडवतात, पूर्वी हाताने कात्रीने, आता यंत्राने, म्हणजे मोठे होऊन परत आल्यावर ओळखू येतात आणि लोकांना खाता येतात. ज्याचा पर शाबूत तो नदीतच जन्मलेला. तसे आता थोडेच उरलेत, त्यांना पाण्याबाहेरसुद्धा काढायचं नसतं. काढून घरी आणणं हा गुन्हा आहे. आणि मी तो गुन्हा शाईने नोंदवला होता.

ड्वेन हसले असते तर फार बरं झालं असतं. ते हसले नाहीत. "रकाना रिकामा असतो, लायल," ते म्हणाले. "तीच खूण."

इथवरची लाज मी कशीबशी पचवली असती. अडाणीपणा झाला, नाक कापलं गेलं, उद्या दंडाची पावती घ्यायची आणि गप्प बसायचं. पण आर्वोंनी माशावरचा अंगठा न काढता विचारलं, "हा एकच लागला? दुसरा नाही?"

पहिल्या माशाबद्दल कुणालाच माहीत नव्हतं. त्या वळणावर माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. 'नाही' एवढं म्हटलं असतं तर तो मासा माझ्याबरोबर थडग्यात गेला असता. मी त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. या माणसाचं आपण बावीस वर्षं एक अक्षर ऐकलं नाही, आता निदान खोटं तरी बोलू नये, असं मला वाटलं. हे मला फार आधी वाटायला हवं होतं.

"एक लागला होता," मी म्हणालो. "आधी. याच्याहून मोठा. त्याला हा पर नव्हता. मला वाटलं, अधू आहे. मी त्याला परत सोडला."

कायसाने तोंडावर हात ठेवला. बटाट्यांची वाफ निघून गेली तरी कुणी हात लावला नाही.

"बोट फिरवलं होतंस त्याच्यावरून?" आर्वोंनी विचारलं.

"हो. बराच वेळ."

"काय लागलं बोटाला?"

"काहीच नाही. सपाट होतं."

"थोडं टोक? खडबडीत काही? नीट आठव."

मी डोळे मिटून आठवलं. "नाही. कुठेच अडलं नाही."

आर्वोंनी माशावरचा अंगठा उचलला आणि रुमालाला पुसला. "मग माझाच," ते म्हणाले. "बाकीच्यांच्या हाताने पराचं टोक राहायचं. कितीदा सांगितलं तरी राहायचं."

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. मासळी खात्याला मीच फोन केला. एक बाई आल्या, मासा घेऊन गेल्या, माझं कार्ड जप्त केलं. जाताना त्यांनी विचारलं की या नदीकाठी किती वर्षं राहता, आणि मी बावीस म्हणालो तेव्हा ते त्यांनी लिहून घेतलं. त्या रात्री आम्ही डब्यातला ट्यूना खाल्ला. ड्वेन दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वरच्या वळणावर जाऊन बसले, दिवसभर बसले, आणि संध्याकाळी नुसतेच मान हलवत आले. सोमवारी खात्याने पाणी कमी आहे म्हणून मोसम लवकर बंद केला. ड्वेनच्या खोपीचा अर्ज मी मंगळवारी शोधून काढला. दाराच्या रुंदीचा रकाना अजून रिकामाच होता. मी तो तसाच मंजूर केला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं.

आर्वोंनी मला एकदाही दूषण दिलं नाही. दिलं असतं तर फिटलं असतं. ते फक्त दर दोन-चार दिवसांनी, जेवता जेवता, विचारतात. "साहेब, परत सांग, बोट कसं फिरलं?" मी काटा खाली ठेवतो आणि सांगतो, की मोठ्या पराच्या मागून निघालं ते थेट शेपटीपर्यंत गेलं. "कुठे अडलं?" कुठेच नाही. "अजिबात?" अजिबात नाही. मला दर वेळी पहिल्या दिवसाइतकीच लाज वाटते, आणि मी दर वेळी पहिल्यापासून सांगतो, कारण सांगून होईपर्यंत त्यांचं ताट रिकामं झालेलं असतं.